गिरमिट

सर्जेकोटच्या खाडीकाठी सदतीस वर्षं
मी दुसऱ्यांच्या होड्यांच्या बुडाला कान लावत आलोय.
फळीवर हातोडीचा हलका टोला.
ठण् वाजली, लाकूड चांगलं.
भद् वाजली तर घाई नाही,
वीतभर पुढे सरकून पुन्हा टोला.
गिरमिट पेटीत सगळ्यात खाली ठेवतो,
मुद्दाम.

मालवणच्या लॅबबाहेर हे सगळं विसरलो.
कागदावर सहा पूर्णांक दोन,
शेजारी बारीक बाण, वर तोंड केलेला.
त्या बाणानं माझ्या तीन रात्री खाल्ल्या.

शारजाहून प्रसन्नजीत:
"बाबा, एमआरआय करून टाका,
सुईनं तुकडा काढून टाका,
पैसे मी पाठवतो, विषय संपवून टाका."
तीनदा टाका म्हणाला.
त्यालाही झोप नव्हती, आवाजावरून कळत होतं.

कुडाळच्या डॉक्टर वालावलकर, माझ्या पुतणीच्या वयाची बाई.
लघवीला जळजळ होती का?
होती, गेल्या पंधरवड्यात.
सायकल?
रोज, बंदरापर्यंत, सीट फाटकी.
मग हातमोजा चढवला.
मी भिंतीकडे तोंड करून औषध कंपनीचं कॅलेंडर वाचलं,
सगळा महिना, एकादशीसकट.
"गाठ लागत नाही," ती म्हणाली. "आधी जळजळ बरी करू.
सहा आठवडे सायकल बंद. मग रक्त पुन्हा."

सहा आठवडे म्हणजे एक पगार तयार होतो
आतल्या वाकांसकट.
मी एकही केला नाही.
रंधा मारता मारता हात थांबायचा,
आत कीड चालल्याचा आवाज येतो का, ऐकायचो.
आपल्याच बुडाला कान लावता येत नाही.

दुसरा कागद: चार पूर्णांक सहा.
सोनोग्राफीत ग्रंथी अठ्ठावन्न, वयानं फुगलेली.
तिनं पाठकोऱ्यावर भागाकार मांडला,
शून्य पूर्णांक शून्य आठ,
आणि खाली रेघ ओढली.
"सध्या स्कॅन नको, सुई नको. सहा महिन्यांनी या."

मी म्हटलं, "म्हणजे मोठ्या होडयेत
चार तांबे पाणी जास्तच येतला."
ती हसली. "पाणी किती, एवढंच बघून चालत नाही.
होडी केवढी, तेही बघायचं."

येताना एसटीत दोघं आठवले.
आबा मयेकर: बारा सुया, मग ताप,
आठ दिवस कोल्हापुरात सलाईनवर,
आणि निघालं काय? काहीच नाही.
मालकाच्या हट्टापायी मीही एकदा
धडधाकट फळीत सहा भोकं पाडली होती.
खुंट्या ठोकल्या, राळ भरली,
तरी त्या होडीला पुढे सगळे भोकांचीच म्हणायचे.

आणि इनास फर्नांडिस.
कंबर दुखते म्हणून दोन वर्षं तेल चोळत राहिला,
तपासायचं नावच नाही.
त्याला सुई हवी होती. वेळेवर हवी होती.
त्याची होडी मीच विकून दिली, देवगडला.
इनास आठवला की
माझं सगळं शहाणपण गप्प बसतं.

म्हणून घरी आल्यावर गिरमिट काढलं,
तेल लावलं, फडक्यात गुंडाळलं,
परत तळाशी ठेवलं.
पेटीच्या झाकणाला आतून तारीख चिकटवली.

प्रसन्नजीतचा फोन: "काय म्हणाली?"
"थांबा म्हणाली."
"नुसतं थांबायचं?"
"नुसतं नाय रे. बघत थांबायचं."
तो गप्प. मागे एसीची घरघर.
"तुम्हाला भीती नाही वाटत?"
"वाटते. तू झोप."

रात्री दोनदा उठतो.
मागच्या दारी, माडाच्या अळ्याशी उभा राहतो.
धार येते, थांबते, विचार करून पुन्हा येते.
खाडीत भरती चढत असते,
बांधलेल्या होड्या एकमेकींना घासतात.
त्यातली कुठली कुठे वाजते, मला अंधारातही कळतं.
बाकीचं
मार्गशीर्षात.